यकृतात हायडॅटिड सिस्ट (जंतामुळे होणारी पाण्याची गाठ) निघाली तर प्रत्यारोपण करावंच लागतं का?

नाही. तुमच्या मामांची एकच सिस्ट, सात सेंटीमीटरची, कावीळ नाही, आणि तुमच्याकडे दाता कोण होणार, खर्च किती, इथवर चर्चा गेली? सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांकडून आधी सिस्टचा टप्पा लिहून घ्या, सीई१ ते सीई५ यांपैकी कोणता ते. सीई४-५ असेल आणि त्रास नसेल तर नुसती नजर ठेवायची. सीई१ किंवा ३अ असेल तर अल्बेंडाझोल हे जंतांचं औषध सुरू करून सुईने पाणी काढता येतं. आत पिल्लं (छोट्या सिस्ट) असलेल्या सीई२ आणि ३बला बहुधा शस्त्रक्रिया.

मला चीड आहे ती वेगळ्याच गोष्टीची. या आजारात यकृत बदलायची वेळ कधीकधी जंत नाही, डॉक्टर आणतो. आतले स्कोलेक्स (जंताची सूक्ष्म डोकी) मारायला सिस्टमध्ये २० टक्के मिठाचं पाणी किंवा अल्कोहोल सोडतात. पूर्वी फॉर्मालिनही सोडत. सिस्ट पित्तनलिकेला जोडलेली असेल तर ते नलिकांत शिरतं, अस्तर जाळतं आणि नलिका जागोजागी आवळतात. काही महिन्यांनी कावीळ, रक्तात चढलेलं अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्त अडल्याची खूण), एमआरसीपीत (पित्तनलिकांच्या एमआरआयमध्ये) मण्यांच्या माळेसारख्या नलिका, पुढे सिऱ्होसिस, म्हणजे यकृत कडक होऊन निकामी होणं.

त्यावर ‘सिस्टमधलं पाणी तर स्वच्छ होतं, पित्त नव्हतं’ ही डॉक्टरांची सबब मला मान्य नाही. जिवंत सिस्टमध्ये दाबच इतका असतो की पित्त आत येत नाही. पाणी काढलं की दाब उतरतो आणि ते झिरपायला लागतं. म्हणून काढलेल्या पाण्यात पट्टीने बिलिरुबिन (पित्तातला रंग) बघायचं, मग सिस्टमध्ये कॉन्ट्रास्ट (एक्स-रेत दिसणारं औषध) भरून फोटो घ्यायचा. पित्त किंवा नलिका दिसली तर काहीही सोडायचं नाही. हे करणार का, असं सर्जनला तोंडावर विचारा. रागावला तर दुसरा गाठा.

तुमच्या नातेवाइकांनी प्रत्यारोपणाबद्दल वाचलंय ते बहुधा कोल्ह्यांमार्फत पसरणाऱ्या, या आजाराच्या अल्व्हिओलर नावाच्या वेगळ्या जातीबद्दल. ती कर्करोगासारखी यकृत पोखरते. फ्रान्समधल्या बेझाँसोंला १९८०च्या दशकातच त्यासाठी प्रत्यारोपणं झाली. युरोपातल्या ४५ रुग्णांत ५ वर्षं जगण्याचं प्रमाण ७१ टक्के होतं. पण प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांनी उरलासुरला जंत फोफावतो, म्हणून अल्बेंडाझोल पुढेही चालूच ठेवावं लागतं.

हां, सिस्टने यकृताच्या शिरा दाबून बड-किआरी (यकृतातून रक्त बाहेर पडायला अडथळा) झाला असेल, पोटात पाणी साठत असेल, तर माझं ‘नाही’ तेवढं ठाम धरू नका.

अल्बेंडाझोल साधारण ४०० मिलिग्रॅम दोनदा, तूप-तेलाच्या जेवणासोबत. उपाशीपोटी फारसं शोषलंच जात नाही. मधूनमधून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एलएफटी (यकृताची रक्ततपासणी) करा. पांढऱ्या पेशी घसरल्या तर लगेच डॉक्टरांना कळवा.