तुझ्या स्वेटरच्या पॅटर्नबद्दल

प्रिय,
सप्रेम आशीर्वाद.

पॅटर्न, म्हणजे तू लिहिलेल्या विणण्याच्या सूचना, मिळाला. स्वेटर देखणा झालाय, खांद्यावरून उतरणारी ती वेणी तर मला फारच आवडली. सोबतच्या चिठ्ठीत तू विचारलंयस की हा पॅटर्न सगळ्यांना विणता यावा म्हणून शेवटी काय काय जोडावं. उत्तर जरा लांबणार आहे, कारण शेवटी जोडण्यासारखं थोडंच आहे आणि मुळात बदलण्यासारखं पुष्कळ.

पॅटर्न लिहिताना डोळ्यांसमोर विणणारं कुणीतरी असतंच, आणि ते बहुधा आपणच असतो. आपल्याच मापाचं, आपल्यासारखाच धागा धरणारं, आपल्याइतकंच स्पष्ट दिसणारं. तुझ्या पानांवर हे जागोजागी जाणवतं. म्हणून प्रत्येक सूचनेपाशी थांबून एकच प्रश्न विचार: ही सूचना काय साधायचं ते सांगते, की नुसतं हात कसे हलवायचे ते? पहिलं आलंच पाहिजे. दुसरं सोबत दिलंस तर उत्तमच, पण नुसतं दुसरं असेल तर ज्यांचे हात तुझ्यासारखे चालत नाहीत त्यांची गाडी तिथेच अडते.

उदाहरण तुझ्याच बाहीचं घे. 'सुई 1 वर शेवटचे दोन टाके एकत्र विणा, सुई 2 वर पहिले दोन...' असं तू लिहिलंयस. म्हणजे चार-पाच आखूड सुया घेऊन विणणारे हे वाचणार. पण लांब केबलची एकच गोल सुई वापरणाऱ्यांकडे 'सुई 2' असतेच कुठे? ज्यांची बोटं संधिवाताने आखडतात, त्यांच्यातल्या अनेकांना गोल सुईच बरी वाटते, कारण विणलेल्या कापडाचं वजन मनगटाऐवजी मांडीवर येतं. त्यांना तुझी बाही आधी मनातल्या मनात उलगडावी लागणार. त्याऐवजी लिही: 'बाहीच्या आतल्या शिवणरेषेवर एक खूण अडकवा, खुणेच्या दोन्ही बाजूंना एक-एक टाका कमी करा.' मग सुया चार असोत नाहीतर एक.

धागा धरण्याचंही तेच. कुणी उजव्या हाताने धागा फेकतं, कुणी डाव्या बोटावरून उचलतं, कुणी पोर्तुगीज पद्धतीने मानेमागून घेतं. डावखुरे काहीजण रूढ पद्धतीनेच विणतात, काहीजण आरशातल्यासारखं उलट्या दिशेने. 'उजवी सुई घालून धागा डावीकडून फिरवा' हे वाक्य यातल्या निम्म्यांच्या कामाचं नाही. 'उजवीकडे झुकणारी घट' (घट म्हणजे टाके कमी करणं) म्हटलंस की प्रत्येकजण आपापल्या रीतीने तिथे पोचतो. आरशासारखं विणणाऱ्यांसाठी एक ओळ टाक, की झुकाव, चार्ट आणि डावा-उजवा पुढा हे सगळंच उलटं धरायचं. तेवढं पुरतं.

आता चार्ट. वेणीचा चार्ट तू सुरेख काढलायस, पण लेखी ओळी दिल्याच नाहीस. चार्ट म्हणजे एकेक टाका एकेका चौकोनात दाखवणारं चित्र. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, चित्रापाशी आलं की 'प्रतिमा' एवढंच म्हणतं आणि पुढे जातं. दृष्टी नसलेले कितीतरी लोक उत्तम विणतात. टाका बोटांना कळतो, पण तुझं चित्र कळत नाही. उलट, ज्यांना मजकुराचे परिच्छेद वाचताना अक्षरं नाचल्यासारखी वाटतात किंवा तुझी भाषाच नीट येत नाही, त्यांना चार्ट हाच आधार. जपानमध्ये तर विणकामाच्या चिन्हांचं राष्ट्रीय मानकच आहे, त्यामुळे भाषा न येणारे लोकही जपानी चार्टवरून विणतात. तेव्हा यातलं कुठलं चांगलं हा वादच नको, दोन्ही दे.

लेखी ओळीसुद्धा कानाने ऐकून कळतील अशा हव्यात. तू बॉर्डरसाठी हे लिहिलंयस ('सु' म्हणजे सुलट टाका, 'उ' म्हणजे उलट):

'*सु2, (उ1, सु1) x3, उ2. * पासून पुन्हा.'

हे मोठ्याने वाच, पण तारा आणि कंस गाळून. अनेक स्क्रीन रीडर नेहमीच्या सेटिंगमध्ये अशी काही चिन्हं गाळतात. मग नेमकं काय तीनदा करायचं आणि कुठून पुन्हा सुरू करायचं, काही कळत नाही. आता हे वाच:

'ओळ 5, सुलट बाजू. 2 सुलट. मग 1 उलट, 1 सुलट ही जोडी 3 वेळा. मग 2 उलट. हा 10 टाक्यांचा गट ओळ संपेपर्यंत पुन्हा करा. ओळीअखेर 120 टाके.'

लांबलं, हे खरं. पण ओळीअखेरचा तो आकडा डोळसांनाही वाचवतो. चूक झाली तर त्याच ओळीत कळते, वीस ओळी उसवाव्या लागत नाहीत.

आणि ते कुप्रसिद्ध 'त्याच वेळी'! मुंढ्याची, म्हणजे बाहीच्या जागेची, वाढ पानभर समजावून झाल्यावर खाली तू लिहिलंयस (हे आपण सगळेच करत आलोय) की 'त्याच वेळी गळ्याची वाढ सुरू करा'. तोपर्यंत विणणारं माणूस बारा ओळी पुढे गेलेलं असतं. दोन वाढी एकदम चालणार असतील तर ते परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात येऊ दे, आणि जमलं तर ओळवार तक्ता कर: या ओळीला मुंढा, या ओळीला गळा, या ओळीला दोन्ही. ज्यांचं लक्ष पटकन विचलित होतं, ज्यांना आकडे डोक्यात धरून ठेवणं जड जातं, त्यांच्यासाठी हा तक्ता म्हणजे पॅटर्न पुरा होणं आणि अर्धवट पिशवीत पडून राहणं यातला फरक आहे.

रंगांचं थोडक्यात. चार्टमधले लाल आणि हिरवे चौकोन एकाच गडदपणाचे आहेत. लाल-हिरवा भेद न दिसणारे पुरुष उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण बारात एक असतात. स्त्रियांत हे प्रमाण बरंच कमी, पण शून्य नाही. चार्टचा कृष्णधवल फोटो काढून बघ. दोन चौकोन एकसारखे दिसले तर प्रत्येक रंगाला चौकोनात चिन्हही दे. कृष्णधवल छापणाऱ्यांचीही सोय होते. शिवाय क्रीम पार्श्वभूमीवर फिकट राखाडी अक्षरं छान दिसतात हे मान्य, पण वाचता येत नाहीत. वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत साध्या मजकुरासाठी निदान 4.5 ला 1 एवढा कॉन्ट्रास्ट (अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक) सांगितलाय. तपासायला फुकट साधनं आहेत. शीर्षकं नुसती ठळक करू नकोस, फाइलमध्ये खरोखर शीर्षक म्हणून नोंदव, म्हणजे ऐकणाऱ्यांना थेट 'बाही'वर उडी मारता येते.

आता मापं. इथे मी जरा कडक होणार आहे.

छाती 76 ते 156 सेंटिमीटर अशी नऊ मापं तू छापलीयस, आणि आत बघितलं तर सगळं एकाच प्रमाणात ताणलंय. मोठ्या मापांची यादी दाखवायची आणि आत आकडे ओढून बसवायचे, हे तोंडाला पानं पुसणं झालं. अंग असं सरसकट वाढत नाही. छातीचा घेर दुप्पट झाला म्हणून खांदे दुप्पट होत नाहीत, ते काही इंचच रुंदावतात. गळा जेमतेम वाढतो. दंड मात्र भराभर वाढतो, आणि मोठ्या मापांत बाही दंडाला आवळते ही तक्रार म्हणूनच इतकी येते.

विणकामाच्या प्रसिद्ध शिक्षिका एलिझाबेथ झिमरमन यांची टक्केवारीची पद्धत तुला ठाऊक असेल: अंगाच्या घेराचे टाके शंभर टक्के धरले तर मनगट वीस टक्के, दंड तेहतीस ते पस्तीस, गळा चाळीस. घेर 100 सेंटिमीटर असेल तर गळा 40 येतो, झकास. तीच टक्केवारी 160 च्या घेराला लाव: गळा 64, मनगट 32. दंडाचा आकडा कदाचित जमून जाईल, पण गळा खांद्यावरून घसरणार आणि बाहीच्या तोंडात दोन मनगटं मावतील. पद्धत वाईट नाही, सुरुवात करायला ती अजूनही सुंदर आहे. पण तिच्यावरच थांबून नऊ मापं काढता येत नाहीत. क्राफ्ट यार्न कौन्सिल या अमेरिकेतल्या धागा-उद्योगाच्या संघटनेचे मापांचे तक्ते खुले आहेत. त्यात बायकांची छाती 28 इंचांपासून 62 इंचांपर्यंत दिलीय, सोबत दंड, पाठीची रुंदी, मुंढ्याची खोली वेगवेगळी दिलीय. प्रत्येक मापाला प्रत्येक आकडा स्वतंत्र काढ. वेळ लागेल. नऊ मापं धड जमत नसतील तर सहाच दे, पण मग ती सहा सगळी बारीक मापांचीच नकोत.

शेवटी तयार कपड्याचं माप आणि अंगाचं माप दोन्ही छाप, आणि मध्ये किती सैलपणा धरलाय तेही. 'एल' किंवा 'एक्स्ट्रा लार्ज' या अक्षरांचा अर्थ जो तो आपल्या मनाने लावतो. सेंटिमीटर आणि इंच सगळीकडे सारखेच. अंगाची आणि बाहीची लांबी कुठे कमी-जास्त करता येईल त्या जागा दाखवून दे. जे व्हीलचेअरवर बसतात त्यांना पुढची कड आखूड आणि मागची लांब हवी असते, आणि तुझा स्वेटर गळ्यापासून खाली विणला जातो म्हटल्यावर ही सूचना द्यायला एक वाक्य पुरे.

आणखी एक: '86 (94, 102, 110, 118, 126, 134, 142, 150)' ही नऊ मापांच्या आकड्यांची साखळी प्रत्येक ओळीत येते. आपलं माप सातवं असलेल्या माणसाने दर वेळी बोट ठेवून मोजायचं, आणि ऐकणाऱ्याने नऊ आकडे कानात साठवायचे. दर मापाची वेगळी फाइल कर. संगणकाला हे काम अवघड नाही आणि तुलाही एकदाच करायचंय. या फाइलींचे जादा पैसे मात्र घेऊ नकोस. वाचता येणारा पॅटर्न हा वेगळा माल नव्हे.

सुताबद्दल फार लिहीत नाही. ज्या परिच्छेदात एका महागड्या लोकरीचं नाव देऊन हात झटकलेयस, तो बदल. कुणाला लोकर चालत नाही, कुणाला परवडत नाही, कुणी प्राणिजन्य धागा वापरतच नाही. 50 ग्रॅमला किती मीटर, प्रत्येक मापाला एकूण किती मीटर, आणि धाग्यात लवचीकपणा हवा की लोंबता पोत हवा हे सांग. सुती धागा लोकरीसारखा परत आवळत नाही, त्यामुळे बॉर्डर सैल पडेल, एवढं सांगितलं तरी लोक आपला पर्याय शोधतात.

भाषेतून तीन गोष्टी काढ. 'मैत्रिणींनो' हे संबोधन काढ, पुरुषही विणतात. 'पोट झाकणारा' काढ. कुणी झाकायला सांगितलं नव्हतं. आणि 'कुणालाही सहज जमेल' हे तर काढच, कारण ज्याला जमत नाही त्याला ते वाक्य टोचतं. त्याजागी लागणारी कौशल्यं लिही: वेणी पाडणं, गोल विणणं, खुणा अडकवणं.

चाचणीला माणसं निवडताना तुझ्या ओळखीतली तीन चपळ बोटं घेऊ नकोस. मोठ्या मापात विणणारं, स्क्रीन रीडर वापरणारं आणि अगदी नवखं असं एकेक तरी असू दे. त्यांच्या वेळेचे पैसे दे. तपासून घेतल्यावरही 'सर्वांसाठी सुलभ' असा शिक्का मारू नकोस. जे केलंय तेवढंच लिही, उदाहरणार्थ 'लेखी ओळी व चार्ट दोन्ही आहेत, फाइल स्क्रीन रीडरवर तपासली आहे'. त्यावरून ज्याचं त्याला ठरवता येतं.

हे सगळं एकदम करू नकोस. आधी बाहीचं पान नव्याने लिही आणि सगळ्यात मोठ्या मापाचे आकडे काढ. मला फोटो किंवा चार्ट न देता नुसता मजकूर पाठव. मी तो कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घेईन आणि ऐकत विणेन. जिथे सुया थांबतील त्या ओळींवर खूण करून परत पाठवते.

तुझी,
ताई