८४ हजारांचं कोटेशन, पण आधी न्यूट्रलचा कटआउट

ताई, नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना रकमांवर नजर होती. दुसऱ्यांदा वाचताना मात्र तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका ओळीपाशी थांबले: "खालची ट्यूब मंद झाली आणि वरच्या भाडेकरूंचे दिवे एकदम पांढरेफटक झगझगले." तुमचा निर्णय याच ओळीवर ठरायचा आहे.

बाकी वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ताई निवृत्त शिक्षिका आहेत. इंदूरच्या लोकमान्य नगरात त्यांचं १९८६ सालचं दुमजली घर आहे. कनेक्शन थ्री फेज, वर भाडेकरू. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी खाली एसी चालू असताना वरचा टीव्ही, वॉशिंग मशीनचं कार्ड, इन्व्हर्टर, राउटरचा अडॅप्टर आणि सगळे एलईडी दिवे एका मिनिटात गेले. नवा टीव्ही २६,०००, कार्ड ५,८००, इन्व्हर्टरची दुरुस्ती ४,२००, किरकोळ १,५००. एकूण ३७,५०० रुपये. भाडेकरूंचं नुकसान ताईंनी स्वतःहून भरून दिलं, आणि योग्यच केलं. त्यानंतर एका विक्रेत्याने ८४ हजारांचं कोटेशन दिलं: पूर्ण घराला सर्वो स्टॅबिलायझर, गच्चीवर लाइटनिंग अरेस्टर (आकाशातली वीज जमिनीत नेणारा दांडा) आणि बोर्डात एक एसपीडी, म्हणजे सर्ज (तारेतून अचानक येणारा विजेचा झटका) अडवणारं उपकरण. प्रश्न असा की पोस्टातलं ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं ५ लाखांचं खातं मोडून हे करावं, की एजंट सांगतो तसा घराचा विमा काढून मोकळं व्हावं?

ताई, खाली मंद आणि वर झगझगीत हे आकाशातल्या विजेचं लक्षण नव्हे. न्यूट्रल गेल्याचं आहे. फेज म्हणजे वीज आणणारी तार, थ्री फेजमध्ये अशा तीन; न्यूट्रल म्हणजे त्या तिन्हींची सामायिक परतीची तार. प्रत्येक फेज आणि न्यूट्रलमध्ये साधारण २३० व्होल्ट असतात, पण दोन फेजमध्ये ४०० च्या आसपास. न्यूट्रल सुटला की वेगवेगळ्या फेजवरचे खालचा आणि वरचा मजला एकाच साखळीत अडकतात आणि ते ४०० व्होल्ट आपसात वाटून घेतात. वाटणी सारखी होत नाही. जिकडे भार जास्त तिकडे व्होल्टेज कमी, जिकडे भार कमी तिकडे जास्त. खाली तुमचा एसी, वर एक टीव्ही आणि चार दिवे. म्हणून खालचं वाचलं आणि वरचं जळलं. एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) का पडली नाही असं तुम्ही विचारलंय. ती जास्त करंट आणि शॉर्ट सर्किट ओळखते, जास्त व्होल्टेज तिला कळत नाही.

आणि तुम्हीच पुढे लिहिलंय की वायरमनने मीटरजवळच्या लाकडी बोर्डावरचा न्यूट्रलचा चिनी मातीचा कटआउट (फ्यूजची तार बसवायची डबी) उघडला, तर आतली तार वितळलेली होती. त्याने नवी तार घालून लाइट सुरू करून दिली. म्हणजे तेच संकट आज परत तिथेच बसलेलं आहे. थ्री फेजच्या न्यूट्रलमध्ये फ्यूज असूच नये. भारतीय विद्युत नियम, १९५६ मधल्या ३२ व्या नियमानेच त्याला मनाई केली होती आणि नंतरच्या नियमांतही ती कायम आहे. जुन्या घरांत मात्र तीन फेजचे तीन आणि न्यूट्रलचा चौथा असे चार कटआउट ओळीने लावलेले अजून दिसतात. फेजचा कटआउट उडाला तर अंधार होतो, एवढंच. न्यूट्रलचा उडाला तर घर जळू शकतं. तो काढून तिथे पितळी न्यूट्रल लिंक (फ्यूज नसलेली पक्की जोडपट्टी) बसवायची, तारेच्या टोकाला नीट लग (धातूचं टोपण) दाबून स्क्रू घट्ट करायचा. हे काम या आठवड्यात करा. या पत्राचा उरलेला भाग वाचायच्या आधी वायरमनला फोन केलात तरी चालेल.

आता कोटेशनकडे येऊ. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी त्याची गत आहे. सर्वो स्टॅबिलायझर हळूहळू वर-खाली होणारं व्होल्टेज ताळ्यावर आणतो, ठरलेल्या मर्यादेत. न्यूट्रल गेल्यावर व्होल्टेज त्या मर्यादेच्या पार बाहेर जातं. तेव्हा चांगला सर्वो एकच गोष्ट करू शकतो: घराची लाइट तोडणं. तेवढं काम बोर्डात बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर चार हजारांच्या आसपास करतो. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की तोडतो, ताळ्यावर आलं की थोडं थांबून आपोआप जोडतो. शिवाय सर्वोत फिरणारे कार्बन ब्रश असतात, ते झिजतात. आणि यंत्र स्वतः चोवीस तास थोडी थोडी वीज खातं. लाइटनिंग अरेस्टर इमारतीसाठी असतो, टीव्हीसाठी नाही. तो बसवला तर उलट मुख्य बोर्डात जास्त क्षमतेचा टाइप १ एसपीडी लागतो, आणि कोटेशनमध्ये टाइप २ लिहिलाय.

एसपीडी मात्र घ्यायला हवा, हे मी मनापासून सांगते. वीज पडून होणाऱ्या मृत्यूंच्या सरकारी आकडेवारीत मध्य प्रदेश वर्षानुवर्षं वरच्या क्रमांकांत आहे, आणि माळव्यात पावसाच्या आधीच्या संध्याकाळी आकाश कसं तडतडतं ते तुम्हाला मी काय सांगावं. वीज घरावर पडावीच लागते असं नाही. दूरवर तारांजवळ पडली तरी मायक्रोसेकंदांचा झटका तारेतून आत येतो. एसपीडीतला झिंक ऑक्साइडचा तुकडा त्या क्षणी वाट मोकळी करून तो झटका अर्थिंगकडे वळवतो. दर झटक्याला तो थोडा झिजतो, म्हणून त्याला छोटी खिडकी असते: हिरवी म्हणजे ठीक, लाल म्हणजे कार्ट्रिज बदला. पण न्यूट्रल गेल्यावर येणारं, मिनिटभर टिकणारं ३५० व्होल्ट त्याच्या आवाक्यातलं नाही. त्यात एसपीडी स्वतःच जळू शकतो. दोन धोके वेगळे, त्यांची औषधंही वेगळी.

बसवताना एक गोष्ट समोर उभं राहून बघा. एसपीडीला येणारी तार आणि तिथून अर्थिंगच्या पट्टीकडे जाणारी तार, दोन्ही मिळून अर्ध्या मीटरच्या आत हव्यात. बोर्ड सुबक दिसावा म्हणून तारा कडेकडेने वळवून नेतात. मग त्या लांब तारेतच व्होल्टेज चढतं आणि महागडं उपकरण असून नसल्यासारखं होतं.

अर्थिंगचंही तसंच. तुमचा खड्डा घराइतकाच जुना असणार. आपली काळी माती पावसाळ्यात ओल छान धरते, पण मे महिन्यात तिला भेगा पडतात आणि खड्ड्यातल्या इलेक्ट्रोडची (पुरलेल्या धातूच्या दांड्याची) पकड सुटते. अर्थ टेस्टरने मोजून घ्या. ५ ओहमच्या आत आलं तर उत्तम, नाहीतर नवा खड्डा करा. अर्थिंगच नसेल तर एसपीडीने झटका वळवायचा कुठे?

भावांचा अंदाज घ्यायला मी महाराणी रोडवरच्या दोन दुकानांत विचारून आले. न्यूट्रल लिंक, लग आणि बोर्डाची तपासणी १,५००. थ्री फेज प्रोटेक्टर ४,०००. चार पोलचा टाइप २ एसपीडी ७,५००. नवा अर्थिंगचा खड्डा ५,५००. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी ३,००० (याचा सर्जशी संबंध नाही, माणसाला शॉक बसू नये म्हणून तो असतो, आणि बोर्ड उघडलाच आहे तर लावून घ्या). मजुरी २,५००. बेरीज २४,०००. कंपनीनुसार हजार-दोन हजार इकडे तिकडे होतील.

आता माझ्या प्रांतातली, म्हणजे पैशांची गोष्ट. खातं तुम्ही तीन वर्षांपूर्वी ८.२ टक्क्यांनी उघडलंय. त्यातून थोडी रक्कम काढता येत नाही, मोडायचं तर पूर्ण मोडावं लागतं, आणि दोन वर्षं उलटल्यावर १ टक्का कापतात. ५ लाखांवर ५,००० गेले. कोटेशनचे ८४,००० धरून ८९,००० मुद्दलातून कमी झाले. त्यावर ८.२ टक्क्यांनी वर्षाला सुमारे ७,३०० रुपये व्याज मिळत होतं, ते दरवर्षी थांबलं. पाच वर्षांत ते ३६,५०० होतात. म्हणजे मेमध्ये झालं तेवढं नुकसान दर पाच वर्षांनी होत राहिलं असतं, तरी केवळ बुडालेलं व्याजच त्याची बरोबरी करतं. मुद्दल गेलं ते वेगळंच. आणि या घरात असं नुकसान इतक्या वर्षांत एकदाच झालंय, तेही अशा कारणाने जे दीड हजारात मिटतं.

खातं मोडू नका. त्याचं तिमाही व्याज १०,२५० रुपये जुलैच्या सुरुवातीला तुमच्या बचत खात्यात जमा होईल. लिंक, प्रोटेक्टर आणि त्यांची मजुरी, म्हणजे सात हजारांच्या आसपास, आत्ताच बचत खात्यातून द्या, पावसाआधी. जुलैचं व्याज आलं की एसपीडी आणि आरसीसीबी. अर्थिंग मोजल्यावर खराब निघालं, तर मात्र खड्डा एसपीडीच्या आधी. तेवढ्यासाठी अडचणीला ठेवलेल्या १ लाख २० हजारांतून साडेपाच हजार काढा आणि ऑक्टोबरच्या व्याजातून परत भरा. ती शिल्लक दवाखान्यासाठी आहे, तिला यापेक्षा जास्त हात लावू नये.

विम्याबद्दल. एजंटने "सगळं कव्हर होतं" म्हटलं असेल, पण तसं नाही. घरांसाठी २०२१ पासून सर्व कंपन्यांकडे मिळणारी भारत गृह रक्षा पॉलिसी चांगली आहे. आग, भूकंप, पूर यांपासून इमारतीला संरक्षण मिळतं, आणि घरातल्या सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत आपोआप. पण शॉर्ट सर्किट, जास्त व्होल्टेज, स्वतःहून तापणं अशा कारणांनी ज्या उपकरणात बिघाड झाला, त्या उपकरणाचं नुकसान त्यातून वगळलेलं आहे, कारण आकाशातली वीज असली तरीही. त्या बिघाडातून आग लागून घर जळलं तर घराचं मिळेल, टीव्हीचं नाही. काही कंपन्यांच्या गृहविम्यात इलेक्ट्रिकल ब्रेकडाउनचा वेगळा विभाग घेता येतो. त्यात उपकरणाच्या वयाची अट, घसारा आणि आपण सोसायची पहिली रक्कम, तिन्ही तपासा. जुन्या वस्तूंवर हाती फारसं लागत नाही. तेव्हा इमारतीसाठी विमा जरूर घ्या, इतकी वर्षं घेतला नाहीत याची मला जास्त काळजी वाटते. टीव्हीसाठी मात्र घेऊ नका. नव्या टीव्हीच्या वॉरंटीतही व्होल्टेजमुळे झालेला बिघाड बहुधा वगळलेला असतो, तो कागद एकदा वाचा.

एक फुकटचा उपाय आहे. आमच्या रामबागेतल्या घरी काही वर्षांपूर्वी जवळच वीज पडली. आईने मेन स्विच बंद केला होता, तरी टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स दोन्ही गेले. झटका केबलच्या तारेतून आला होता. म्हणून गडगडाट दूर असतानाच टीव्हीचा प्लग आणि केबल किंवा डिशची तार, दोन्ही काढून ठेवा. फायबरच्या इंटरनेटला ही भीती नाही, काचेतून वीज येत नाही. राउटरचा अडॅप्टर तेवढा काढा. वरच्या मंडळींनाही हे सांगा, आणि बोर्डावर काय बसवलंय ते दाखवा, म्हणजे प्रोटेक्टरने लाइट तोडली तर कोणी चुकून त्याला बगल देऊन तारा जोडणार नाही.

तुम्ही गच्चीवर सोलर बसवायचा विचार ओझरता लिहिलाय. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. सोलरच्या एसी (घराकडच्या) आणि डीसी (पॅनेलकडच्या) पेट्यांत वेगळे एसपीडी येतात आणि त्याला स्वतःचं अर्थिंग लागतं. तेव्हा आत्ता लाकडी बोर्ड काढून नवा बसवताना चार जागा रिकाम्या ठेवायला सांगा. सोलरचं गणित वेगळ्या पत्रात करू. त्यासाठी वर्षभराची बिलं लागतील.

स्टॅबिलायझरचा विषय मी कायमचा बंद करत नाही. मीटरच्या पडद्यावर तिन्ही फेजचं व्होल्टेज फिरून फिरून दिसत असेल, नसेल तर नवा प्रोटेक्टर दाखवेल. पंधरा दिवस सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री नऊ वाजता ते वहीत टिपा. आकडे २१० ते २५० मध्ये राहिले तर काहीच घेऊ नका. वारंवार २०० च्या खाली गेले तर आधी वीज कंपनीकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक जपून ठेवा, आणि मग फक्त एसीपुरता स्टॅबिलायझर बघू. वही भरली की फोटो पाठवा. आणि त्याआधी, न्यूट्रलची लिंक बसल्यावर त्या बोर्डाचाही.