गहू सोडला, तरी पोट का बिघडतं?

ताई, तुम्हाला सीलिअ‍ॅक आहे, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनानं आतड्याचं अस्तर खराब होतं; म्हणून गव्हाचा कणही चालत नाही. गहू सोडूनही त्रास होतोय, तर आधी गिरणी बघा. गव्हामागून दळलेल्या ज्वारीत गव्हाचं पीठ मिसळतंच. आधी मूठभर ज्वारी फिरवून टाकली तरी भरवसा नाही. घरची चक्की घ्या, तीत गहू कधीच नको. मग हिंग. डबीतल्या हिंगात बहुतेकदा मैदा असतो, म्हणजे आमटी, लोणचं, आपलं सांगलीचं भडंगसुद्धा संशयात. चाळणी आणि लाकडी पोळपाट-लाटणं वेगळं ठेवा.

एवढं करूनही जुलाब, गॅस राहिले, तर दोन आठवडे दूध थांबवून पाहा. आतड्याचं अस्तर भरून येईपर्यंत दुधातली साखर अनेकांना पचत नाही. टीटीजी ही सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी पुन्हा करायची का, ते डॉक्टरांना विचारा. वजन घटतंय किंवा शौचातून रक्त जातंय? मग घरी प्रयोग नकोत, लगेच पोटविकारतज्ज्ञांकडे जा.