चुनखडीच्या वाटेवर पंचवीसचे टायर

प्रश्न : माझ्या रोड बाइकला ७०० बाय २५ चे, म्हणजे २५ मिमी रुंदीचे टायर आहेत. मे महिन्यात पिट्सबर्ग ते कंबरलंड हा ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेज करायचा बेत आहे. जुन्या रेल्वेमार्गाची वाट, बहुतेक ठिकाणी डांबर नाही. हे टायर चालतील का? माझं वजन ७५ किलो. (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : चालतील. ही २४० किलोमीटरची वाट म्हणजे मोकळी खडी नव्हे. चुनखडीची बारीक कच दाबून बसवलेली आहे, कोरडी असली की चांगली टणक लागते. आगगाडीसाठी आखलेली असल्याने चढही सौम्य.

तरी फ्रेममध्ये मावत असतील तर २८ चे टायर घालाच. ते बसवून हवा भरा आणि टायर व फ्रेमच्या मधून ४ मिमीची अ‍ॅलन की (षटकोनी पाना) सरकवून बघा. दोन्ही बाजूंनी आणि ब्रेकखालीही ती मोकळी फिरली पाहिजे. नाहीतर अडकलेला खडा फ्रेमचा रंग खरवडेल.

खरी मेख हवेत आहे. डांबरावरची १०० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) इथे ठेवली तर चाक प्रत्येक खड्यावरून उसळतं, पकड जाते आणि मनगटं भरून येतात. २५ च्या टायरला मागे ७५, पुढे ७० पासून सुरुवात करा. २८ ला दोन्हीकडे दहाएक कमी. मागे सामान लादणार असाल तर मागच्या चाकात पाचेक वाढवा. फार उतरवलीत तर खड्याच्या धारेवर टायर रिमपर्यंत दबतो आणि मधे ट्यूब चिमटते. काढलेल्या ट्यूबवर शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या, तर हवा कमी होती असं समजा. एकच भोक असेल तर टायर आतून बोटांनी चाचपून काच किंवा काटा शोधा. तो न काढता नवी ट्यूब घातली की दहा मिनिटांत परत तेच.

दोन ट्यूब, ठिगळं, टायर काढायचे लिव्हर, हातपंप आणि जुन्या टायरचा बोटभर तुकडा जवळ ठेवा. टायरची कड फाटली तर तो तुकडा आतून लावता येतो.

शेवटचे ३८ किलोमीटर सलग उतार आहे. वेग नकळत वाढतो आणि रस्ता ओलांडायच्या जागी नेमकी मोकळी खडी असते. ब्रेक आधीच मारा, मागचा जास्त. खडीवर हँडल वळवू नका.

प्रश्न : पाऊस झाला तर?

उत्तर : जमल्यास एक दिवस थांबा. भिजलेल्या कचीत बारीक चाक रुततं. तिचा पांढरा लगदा रिम आणि ब्रेकपॅड घासून काढतो, म्हणून मुक्कामी साध्या पाण्याने धुवा. चेनला मेणाचं वंगण लावा, ओल्या तेलाला धूळ चिकटते.

कंबरलंडहून पुढे वॉशिंग्टनला जाणारी कालव्याकाठची वाट मात्र वेगळी. चिखल, मुळं, खड्डे. तिथे ३५ च्या खाली नको.