लेक ग्रेनाडात, जीव मुलुंडात

प्रश्न : ताई, माझी मुलगी लग्नानंतर ग्रेनाडाला असते, कॅरिबियनमधलं छोटंसं बेट आहे, जावई तिथे मेडिकल कॉलेजात शिकवतात आणि नात पहिलीत आहे. जून उजाडला की माझं बीपी वर. 2024 ला ते बेरिल वादळ आलं तेव्हा फोनच लागेना, मी देव पाण्यात घालून बसलेले, आणि शेवटी फोन लागला तर ही म्हणते आई आम्ही मजेत आहोत तू उगाच टेन्शन घेतेस! आता मी म्हणतेय निदान नातीला तरी जून ते नोव्हेंबर आमच्याकडे ठेवा, तर मुलगी चिडते. आमचे हे म्हणतात तू मध्ये पडू नकोस. माझं काय चुकतंय? आणि इथे बसून मी करू तरी काय?
– एक आई, मुलुंड पूर्व

उत्तर : काकू, रागावू नका, पण नातीला सहा महिने इकडे आणायचं काही मला पटत नाही. वादळांचा सीझन 1 जून ते 30 नोव्हेंबर, म्हणजे दरवर्षी अर्धं वर्ष, पोरीची ना धड ही शाळा होणार ना ती. आणि सहा महिने तिथे रोज वादळ नसतं हो. नवऱ्याच्या हॉटेलातल्या नोकरीमुळे मी त्याच भागात संसार केलाय, सीझनमधले बहुतेक दिवस डबा, होमवर्क, रविवारी समुद्रावर असेच जातात. खरा जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, त्यातही 10 सप्टेंबरच्या आसपास सगळ्यात जास्त, म्हणजे आपल्याकडे साधारण गणपतीचे दिवस. नातीला शाळेच्या उन्हाळी सुट्टीत, जुलै-ऑगस्टमध्ये, जरूर आणा. फक्त वादळापासून वाचवायला म्हणून आणू नका, कारण जुलैत मुंबईत काय होतं ते 2005 साली आपण बघितलंय, सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर!

पण तुमची भीती खुळी आहे असं मुलीनेही म्हणू नये. ग्रेनाडा बरंच दक्षिणेला, साधारण 12 अंश अक्षांशावर, म्हणून लोक पूर्वी निर्धास्त असायचे, 1955 च्या जॅनेटनंतर तसा मोठा तडाखाच नव्हता. मग 2004 च्या सप्टेंबरात आयव्हन आलं आणि दहातल्या जवळजवळ नऊ घरांना फटका बसला. आपण श्रीखंडात घालतो ते जायफळ तिथलं मुख्य पीक, त्यांच्या झेंड्यावरसुद्धा आहे, त्याची बहुतेक झाडं एका फटक्यात आडवी झाली आणि जायफळाच्या झाडाला फळ धरायला वर्षं लागतात, तेव्हा शेतकऱ्यांचं काय झालं असेल बघा. तिथे लहान मुलांच्या तोंडीसुद्धा एक यमक असतं, जून म्हणजे फार लवकर, ऑक्टोबर म्हणजे संपलं, अशा अर्थाचं. बेरिल 1 जुलैलाच ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटावर आदळलं, कॅटेगरी 4 मध्ये (5 म्हणजे सगळ्यात जोराचं), आणि 2025 ला मेलिसा जमैकावर आलं ते 28 ऑक्टोबरला, थेट कॅटेगरी 5. यमकावर विसंबून राहू नका एवढंच.

बेरिलच्या वेळी फोन का लागला नाही? कॅरियाकू ग्रेनाडाचंच धाकटं बेट, ते अर्ध्या तासात भुईसपाट झालं असं पंतप्रधानच म्हणाले, आणि मोठ्या बेटावरही खूप ठिकाणी वीज गेली. वीज गेली की टॉवर बसतात. म्हणजे फोन बंद याचा अर्थ बहुतेक वेळा टॉवर बंद एवढाच असतो. हे कळायला सोपं पण रात्री दोन वाजता पटायला कठीण, मला माहितेय.

आता तुम्ही काय करायचं. मायामीला नॅशनल हरिकेन सेंटर आहे (हरिकेन म्हणजे तिकडचं चक्रीवादळ), त्यांचं बुलेटिन दर सहा तासांनी येतं, आपल्या घड्याळाने सकाळी साडेआठ, दुपारी अडीच, रात्री साडेआठ आणि पहाटे अडीच (पहाटेचं सोडा, झोपा). तेवढंच बघा, व्हॉट्सअॅपवर फिरणारे व्हिडिओ नकोत, त्यात कुठल्याही वर्षाचं वादळ कुठेही दाखवतात. नकाशावर तो पांढरा कोन दिसतो ना, तो वादळाचा आकार नव्हे, वादळाचं केंद्र कुठून कुठून जाऊ शकतं त्याचा अंदाज आहे, आणि कोनाच्या बाहेर असलेल्यालाही वारापाऊस झोडपू शकतो. हरिकेन वॉच म्हणजे साधारण 48 तास हातात आहेत, वॉर्निंग म्हणजे 36. या तासांत मुलीला फोन करून गप्पा मारू नका प्लीज. ती तेव्हा खिडक्यांना शटर नाहीतर प्लायवुड लावत असते, पिंपं भरत असते, गाडीत पेट्रोल, एटीएममधून कॅश (वीज गेली की कार्ड कुठेच चालत नाही), आणि त्यात पोर विचारत असते की शाळा बंद का. एक मेसेज ठरवून घ्या, "आत आहोत, ठीक आहोत", बास, आणि वादळ गेल्यावर पहिला मेसेज तुम्हाला येणार, सासरच्यांना आणि मावश्यांना तुम्ही कळवायचं. दहा जणांना उत्तरं देण्यात तिची बॅटरी संपते.

पासपोर्ट, व्हिसा, इन्शुरन्स सगळ्याचे फोटो तुमच्याकडे ठेवा. ग्रेनाडाचं काम पोर्ट ऑफ स्पेनचं भारतीय उच्चायुक्तालय बघतं, तिघांची नोंद तिथे आहे का विचारा. पाठवायचंच असेल तर शिजवावं न लागणारं पाठवा, सातूचं पीठ, मेतकूट, चिक्की, भाजक्या पोह्यांचा चिवडा. लोक प्रेमाने डाळ-तांदूळ पाठवतात आणि तिथे नळाला पाणीच नसतं.

मुलीला मात्र दोन गोष्टी विचारा, भाषण न देता. एक, घराचं छप्पर भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी बांधलेलं आहे का, कारण छप्पर उडालं की मग भिंतीही टिकत नाहीत. आणि नसेल तर जवळचं शेल्टर कुठलं. दुसरं, जनरेटर असेल तर तो घराबाहेर लांब ठेवतात ना? त्याच्या धुराने वादळानंतर माणसं गेलेली आहेत, वाऱ्याने नव्हे. जावयांनाही एवढं सांगून ठेवा की मध्येच वारा एकदम पडला, ऊन पडलं तरी दार उघडायचं नाही, तो वादळाचा डोळा असतो, थोड्या वेळाने उलट दिशेने पुन्हा सुरू होतं.

आणि तुमचे हे म्हणतात मध्ये पडू नकोस, तर पहाटे अडीचचं बुलेटिन त्यांना बघायला लावा :)

प्रश्न : ताई, मला अरुबाला हॉटेलात जॉब आलाय, ऑक्टोबरला जॉइनिंग, बायको आणि लहान मुलगा बरोबर. घरचे वादळामुळे नको म्हणतात. जाऊ का?
– डोंबिवली

उत्तर : अरुबा, क्युरासाव, बोनेर ही बेटं व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याला लागून, तिथे थेट हरिकेन क्वचितच येतं, त्या कारणासाठी जॉब सोडू नका. विमान मात्र मधल्या एखाद्या बेटाच्या किंवा फ्लोरिडाच्या वादळात अडकू शकतं, म्हणून ट्रॅव्हल इन्शुरन्स तिकिटाबरोबरच घ्या, वादळाला नाव पडल्यानंतर घेतलेला त्या वादळासाठी सहसा चालत नाही. घरभाडं किती देतायत ते आधी विचारा, अरुबा महाग आहे.