टाच आधी सांभाळ

मित्रा, पाय लांब करायचं ऑपरेशन झालं म्हणजे सुटलो असं समजू नकोस. माझ्या दोन्ही नडग्यांना रिंगा होत्या, म्हणजे हाडात पिना घालून पायाभोवती बसवलेली धातूची कडी; पाय वाढवले 5 सेंटिमीटर. दिवसाला 1 मिलिमीटर, तेही पाव-पाव करून चार वेळा नट फिरवायचा. हाड निमूट वाढतं, कुरकुर करतात ते स्नायू आणि नसा. पोटरी ताणली जाते, टाच उचलली जाते आणि बघता बघता पाऊल चवड्यावर उभं राहतं. मी तिसऱ्या आठवड्यात दोन दिवस ताणायच्या व्यायामाचा कंटाळा केला, तर टाच जमिनीला टेकेना. म्हणून जुनी ओढणी तळव्याला अडकवून, गुडघा सरळ ठेवून पाऊल स्वतःकडे ओढ. दिवसातून पाच-सहा वेळा. रात्री गुडघ्याखाली उशी नको, कितीही बरं वाटलं तरी! गुडघा वाकडाच आखडतो.

बोटं बधिर झाली किंवा पाऊल वर उचलेना, तर त्याच दिवशी सर्जनला फोन कर. वेग कमी करता येतो. पिनेभोवती पू आला, ताप चढला, तरी तेच. पोटरी अचानक सुजली किंवा धाप लागली तर थेट इमर्जन्सीत जा, रक्ताची गुठळी असू शकते.

सिगारेट बंद. दुखण्याच्या गोळ्याही मनाने नकोत, काही गोळ्या हाड भरण्याच्या आड येतात.

नट फिरवणं संपलं की लोक पेढे वाटतात. खरं तर हाड पक्कं व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. एक्स-रे बघून डॉक्टर सांगेपर्यंत वॉकर सोडू नकोस. आणि घरी इंडियन संडास असेल तर कमोडची खुर्ची आत्ताच आणून ठेव.