वाचकांचे प्रश्न : बागेचा चढ चढणारी तीनचाकी

प्रश्न : लहानपणापासून माझ्या उजव्या पायाला पोलिओ आहे. आजऱ्याजवळ आमची काजूची बाग आहे. घरापासून तिथवर बैलगाडीची वाट, लाल माती, मध्ये मध्ये वर आलेला जांभा आणि शेवटी उभा चढ. शिबिरात मिळालेली बॅटरीची तीनचाकी गावात छान चालते, पण त्या चढावर तिचं पुढचं मोटरचं चाक जागच्या जागी फिरतं. आता वेल्डिंगवाल्याकडून दणकट गाडी बांधून घेतोय. वेग माणसाच्या चालीएवढा पुरे. दुकानदाराने तीन मोटरी सुचवल्यात : हजार वॉटची हब मोटर (चाकाच्या मधोमध बसवलेली), साडेतीनशे वॉटची गिअरवाली आणि ई-रिक्षाची हजार वॉटची. कुठली घेऊ?
— एक वाचक, ता. आजरा

उत्तर : दादा, मोटरीचे पैसे देण्याआधी बाजारातून पोती तोलायचा हुकाचा काटा उसना आणा. त्या चढावर जुन्या गाडीत तुम्ही बसा, मागे दोघं धरायला ठेवा आणि काट्याने गाडी हळूहळू वर ओढायला सांगा. काटा जो आकडा दाखवेल, त्यावर मोटर ठरते. दुकानदार वॉट सांगतो, कारण पाटीवर वॉट लिहिलेले असतात.

तोवर अंदाजाने चालू. तुम्ही, नवी गाडी, बॅटरी आणि काजूची पिशवी मिळून १५० किलो धरा. पाच फुटांना एक फूट चढ असेल तर चढासाठी ३० किलो ओढ लागते. भुसभुशीत मातीत चाक रुततं, त्याचे आणखी १५. एकूण ४५ किलो. ही ओढ ताशी ५ किलोमीटरने द्यायची तर चाकावर ६०० वॉट पोचले पाहिजेत. ताशी ३ किलोमीटरवर तुमचं भागत असेल तर पावणेचारशेही पुरतात. म्हणजे साडेतीनशेवाली अगदीच टाकाऊ नाही. गिअर नीट बसवले तर ती अडीच किलोमीटरच्या वेगाने तुम्हाला वर नेईल. पण सबंध चढ ती पूर्ण भाराखाली राहील. मी तसं करणार नाही.

हब मोटर मात्र नकोच. माझा सारा जन्म मोटरींच्या वायंडिंगमध्ये गेला, म्हणून जरा ठासून सांगतो. हब मोटर जोरात फिरायला बनवलेली असते. २४ इंची चाक ताशी ५ किलोमीटरला मिनिटाला जेमतेम ४४ फेरे घेतं. एवढ्या मंद गतीत तिच्याकडून ताकद मागितली की ती करंट ओढते, आणि करंट दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. फिरणंच कमी, त्यामुळे वारा लागून थंड होणंही नाही. तारेवरचं व्हार्निश करपल्याचा वास येईपर्यंत उशीर झालेला असतो. पाटीवर हजार लिहिलंय म्हणून चढावर हजार मिळत नाहीत.

ई-रिक्षाची मोटर घ्या, पण आहे तशी बसवू नका. ती मिनिटाला सुमारे ३००० फेरे घेते आणि रिक्षाच्या मागच्या अ‍ॅक्सलमध्ये साधारण दहास एक गिअर असतो, म्हणजे मोटरीच्या दहा फेऱ्यांना चाकाचा एक. तो ताशी २५ किलोमीटरसाठी. तुम्हाला त्याच्या पाचपट मंद वेग आणि पाचपट ओढ हवी. म्हणून अ‍ॅक्सलला थेट जोडलेली मोटर काढून पुढे घ्या आणि मध्ये चेन टाका : मोटरीवर १० दातांचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र), अ‍ॅक्सलकडे ५० दातांचं. त्यासाठी बेअरिंगसह एक आखूड शाफ्ट लागेल. कुठलाही बरा लेथवाला करून देतो. रिक्षाची १२ इंची रिमची चाकं दगडात जरा अडखळतील, पण त्यांना टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, कमी लागतो. शिवाय वळणावर दोन्ही चाकं वेगवेगळ्या गतीने फिरू देणारं डिफरन्शियल आयतं मिळतं आणि ओढ मागच्या चाकांवर येते. चढावर वजन मागे सरकतं, म्हणूनच तुमचं पुढचं चाक नुसतं फिरत होतं.

अ‍ॅक्सल जुन्या बाजारातून घेतलात तर दोन्ही चाकं एकाच वेळी एक-एक पूर्ण फेरा फिरवा आणि आतला शाफ्ट किती फिरतो ते मोजा. दहाच असेल असं धरून चालू नका.

बॅटरी ४८ व्होल्ट, ३० अँपिअर-अवरची पुरे. मोटरीचा करंट सांभाळणारा कंट्रोलर सीटखाली डब्यात ठेवा आणि वायरींची तोंडं खाली करा. आजऱ्याचा पाऊस तुम्हाला मी काय सांगू!

ब्रेक चाकांवरच हवेत, मोटरीकडच्या शाफ्टवर नकोत. उतारावर चेन तुटली तर तिकडचा ब्रेक काही कामाचा नाही. दोन्ही मागच्या चाकांना ड्रम ब्रेक आणि वर अडकवून ठेवता येणारा हँडब्रेक.

ही गाडी बागेच्या वाटेपुरती ठेवा. २५० वॉटच्या वरची मोटर सार्वजनिक रस्त्यावर आली की नोंदणी-परवान्याचा प्रश्न येतो. तसा विचार असेल तर बांधण्याआधी आरटीओत जाऊन या.

काट्याचा आकडा ४५ च्या बराच वर गेला तर ५० दातांचं स्प्रॉकेट करायला टाकू नका. आकडा आणि चाकाचा व्यास मला कळवा, दातांचा हिशोब नव्याने करून देतो.